सेकंडहँड गाडी सदोष निघाली तर: बयाण्यापासून ग्राहक आयोगापर्यंत

मिस्त्रीने ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट धरला आणि ओढतच राहिला. आपण बेल्ट लावताना ओढतो तेवढा नाही, पार रीळ संपेपर्यंत. शेवटच्या हातभर पट्ट्यावर आडवी तपकिरी रेघ होती, पट्टी ठेवून आखावी तशी. रेघेच्या अलीकडे पट्टा काळाभोर, पलीकडे मळकट आणि बोटाला खरखरीत. ‘पाणी इथवर होतं,’ एवढंच म्हणून त्याने बेल्ट सोडला आणि तो सर्रकन आत गेला.

गाडी माझ्या भाच्याची. फेब्रुवारी २०२२ मध्ये पुण्यातल्या एका गाडीबाजारातून घेतलेली, २०१८ चं मॉडेल, पांढरी हॅचबॅक, चार लाख साठ हजार. घेताना आत सेंटचा इतका घमघमाट होता की आम्हाला वाटलं, काय निगा राखलीय! दोन महिन्यांत काचा आपोआप खाली यायला लागल्या, मग एअरबॅगचा दिवा लागून राहिला आणि एका रविवारी खंबाटकी घाटात गाडी बंद पडली ती पडलीच. टोचन करून साताऱ्याला आणली, तेव्हा हा सीटबेल्टचा प्रकार कळला.

पुढचं सव्वा वर्ष नोटीस, आयोग, तारखा हे सगळं त्याच्याबरोबर मीही केलं. वकील नव्हता. तेव्हापासून ओळखीतलं कोणी ना कोणी विचारत असतं, म्हणून एकदाच नीट लिहून काढते. जुन्या गाडीच्या बाबतीत कायदा तुमच्या बाजूने आहे, पण किती, ते दोन गोष्टींवर ठरतं: गाडी कोणी विकली, आणि विकताना तो जे बोलला ते तुमच्याकडे लेखी आहे का. दोन्ही गोष्टी गाडी बिघडायच्या आधीच ठरून गेलेल्या असतात. ज्यांची गाडी आधीच दारात उभी आहे त्यांनी तिसऱ्या पायरीपासून वाचलं तरी चालेल, पण पहिली मात्र चुकवू नका.

पायरी पहिली: विकलं कोणी?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ (लागू झाला जुलै २०२० पासून) हा व्यापाऱ्याविरुद्ध चालतो. ज्याचा धंदाच गाड्या विकण्याचा आहे तो, म्हणजे गाडीबाजारवाला, डीलर, कंपनीचं जुन्या गाड्यांचं दालन, ऑनलाइन गाड्या विकणारी कंपनी. यांच्याकडून घेतली असेल तर तुम्ही ग्राहक आणि ग्राहक आयोगाचं दार तुमच्यासाठी उघडं.

शेजारच्या सोसायटीतल्या काकांनी स्वतःची गाडी तुम्हाला विकली, तर ते व्यापारी नाहीत. आयुष्यात दोनदा गाडी विकणाऱ्या माणसाविरुद्ध ग्राहक आयोगात गेलात तर तक्रार बहुधा दाखलच करून घेणार नाहीत. तिथे वाट वेगळी आहे, ती शेवटाकडे सांगते.

खरी गंमत मधल्या माणसाची. गाडीबाजारात फसलेल्या जवळजवळ प्रत्येकाला ऐकायला मिळणारं वाक्य म्हणजे, ‘आम्ही फक्त मध्यस्थ, गाडी तर मूळ मालकाची, आरसी बघा ना.’ आरसीवर मूळ मालकाचं नाव असतंच, कारण डीलर वर्षानुवर्षं कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या घेऊन गाडी परस्पर तुमच्या नावावर करतात. पण पैसे कोणाच्या खात्यात गेले? किंमत कोणी ठरवली? पावती कोणाच्या नावाची? तोच विक्रेता. नुसतं कमिशन घेतलं असेल, तरी पैसे घेऊन दिलेली ती सेवा आहे आणि सेवेतल्या त्रुटीची तक्रार त्याच्यावर होऊ शकते.

१ एप्रिल २०२३ पासून या बहाण्याची हवा बरीच निघाली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत तेव्हापासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना परिवहनच्या पोर्टलवर द्यायची, आणि ती दिली की गाडी विकेपर्यंत डीलरच तिचा मालक धरला जातो. बाजारात शिरल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा, ‘तुमचं आरटीओचं अधिकारपत्र आहे का?’ चेहऱ्यावरून निम्मं कळतं.

गाडी टुरिस्ट परवान्यावर स्वतः चालवून पोट भरत असाल, तरी तुम्ही ग्राहकच. चार गाड्या ठेवून त्यावर ड्रायव्हर नेमले असतील तर नाही, तो धंदा झाला.

पायरी दुसरी: बयाणा देण्याआधी पुरावा गोळा करा

गाडी कशी तपासावी यावर लोक तासन्‌तास बोलतात. मी फक्त त्या गोष्टी सांगते ज्या पुढे आयोगापुढे ठेवता येतात.

सगळ्यात आधी व्हॉट्सॲप. गाडी बघून आलात, आवडली, की त्याच संध्याकाळी डीलरला मेसेज टाका. गप्पा मारल्यासारखाच, पण मुद्देसूद: ‘दादा, आज बघितलेली अमुक नंबरची गाडी. अपघात झालेला नाही ना? पाण्यात गेलेली नाही ना? मीटर खरं आहे ना? मालक पहिलाच ना? कर्जाचा बोजा, चलन काही शिल्लक नाही ना? कळवा, उद्या टोकन देतो.’ टोकनच्या आशेने उत्तर येतंच. भाच्याला आलेलं उत्तर मला अजून तोंडपाठ आहे: ‘नो टेन्शन दादा, फुल नॉन ॲक्सिडेंट, पाणी वगैरे काही नाही, कंपनी मेंटेन्ड.’ सगळा दावा शेवटी या एका ओळीवर उभा राहिला. हा मेसेज त्याने काही धोरण म्हणून मागितला नव्हता, आईला दाखवायला मागितला होता.

दुसरं, विम्याची जुनी पॉलिसी मागा आणि त्यात नो क्लेम बोनस किती टक्के आहे ते बघा. क्लेम नसेल तर हा बोनस दरवर्षी वाढत जातो: २०, २५, ३५, ४५, ५० टक्के. चार वर्षं जुनी, एकाच मालकाची गाडी, ‘कधी काही झालंच नाही’ असं सांगतात, आणि पॉलिसीवर बोनस शून्य? म्हणजे मागच्या वर्षी विम्याचा क्लेम झाला असण्याची दाट शक्यता. आमच्या पॉलिसीवर शून्य ठळक छापलं होतं. चार माणसांनी ती पॉलिसी हातात धरली होती, सगळ्यांनी फक्त मुदत कधी संपते ते पाहिलं.

तिसरं, सर्व्हिसची नोंद. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर टाकला की प्रत्येक भेटीची तारीख आणि किलोमीटर दिसतात. २०२० मध्ये ७१,००० किलोमीटर आणि आज मीटरवर ४८,०००, असा चमत्कार तिथे उघडा पडतो. सेंटरवाले बाहेरच्याला छापील प्रत द्यायला कुरकुर करतात, तेव्हा विक्रेत्यालाच ती मागा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे चारही टायर आधीच बदललेले असतील तर कारण विचारा. तेही व्हॉट्सॲपवर.

पुराच्या गाड्यांबद्दल वेगळं सांगते, कारण महाराष्ट्रात हे वारंवार घडतं. २००५ ची मुंबई, २०१९ ची सांगली आणि कोल्हापूर, २०२१ चं चिपळूण. पाण्यात बुडालेल्या गाडीचा दुरुस्तीखर्च विम्यातल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी ती ‘टोटल लॉस’ धरते. मालकाला पैसे मिळतात, गाडी भंगारात म्हणून विकली जाते. तिथून ती धुऊन, वाळवून, नवी सीटकव्हरं चढवून दुसऱ्या जिल्ह्याच्या बाजारात उभी राहते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, सीटखालच्या रुळांवरचा गंज बघा, डिकीतली स्टेपनी उचलून खालच्या खोबणीत बोट फिरवा. आणि आत सेंटचा दर्प असेल तर का आहे, हे स्वतःला विचारा.

कागदांपैकी नोंदणी, बोजा, फिटनेस, विमा आणि पीयूसी हे सगळं वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर दिसतं, आणि थकलेली चलनं महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन पोर्टलवर. बोजा दिसत असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. दिल्ली पासिंगच्या गाड्या स्वस्त मिळतात, कारण तिथे डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा घातली गेली. अशा गाडीला तिथल्या आरटीओचं ना हरकत, इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर एवढं सगळं लागतं. ‘एमएच पासिंग करून देतो’ हे आश्वासन तारखेसह लेखी घ्या.

बिलाबद्दल डीलर हमखास सांगतो, ‘पक्कं बिल केलं तर पूर्ण किमतीवर अठरा टक्के जीएसटी भरावा लागेल.’ साफ खोटं. जुन्या गाडीवर डीलरला १८ टक्के लागतात ते त्याच्या नफ्यावर, म्हणजे खरेदी आणि विक्री यांतल्या फरकावर. बिल घ्या. आणि पैसे बँकेतून द्या, रोख नको.

शेवटी तो स्टॅम्प पेपर. त्यात बहुतेक वेळा ‘गाडी जशी आहे तशी, पाहून, चालवून, पसंत करून घेतली, पुढे काहीही तक्रार राहणार नाही’ ही ओळ असते. ती वाचून लोक हात टेकतात. टेकू नका. दिसणाऱ्या झिजेबद्दल ती ओळ विक्रेत्याच्या कामी येते, पण मुद्दाम लपवलेल्या गोष्टीला आणि खोट्या आश्वासनाला तिचं पांघरूण पुरत नाही. तरी सही करण्याआधी खाली पेनाने दोन ओळी वाढवून घ्या: मीटर इतके किलोमीटर, अपघात व पाणी यांनी नुकसान झालेली नाही असे विक्रेत्याने सांगितले. ताबा घेतल्याची तारीख आणि वेळसुद्धा लिहा. त्याच दिवशी दुपारी झालेलं चलन कोणाचं, यावरून भांडणं झालेली पाहिली आहेत.

पायरी तिसरी: हा दोष आहे की वय?

इथे थोडं कठोर बोलते. ऐंशी हजार किलोमीटर चाललेल्या गाडीची क्लचप्लेट तीन महिन्यांत गेली, बॅटरी उतरली, शॉकॲब्सॉर्बर वाजायला लागले, तर ती फसवणूक नाही. ते जुन्या गाडीचं वय आहे आणि म्हणूनच ती स्वस्त मिळाली. अशा तक्रारी घेऊन आयोगात गेलेले लोक मी पाहिलेत, हात हलवत परत येतात.

तक्रार उभी राहते ती यावर: मीटर मागे केलेलं, मोठा अपघात किंवा पूर लपवलेला, तिसरा मालक असताना पहिला सांगितलेला, मॉडेलचं वर्ष खोटं, बोजा किंवा चलन दडवलेलं, कबूल केलेली वॉरंटी नाकारलेली, गाडी नावावर करून देतो म्हणून पैसे घेतले आणि केली नाही. ग्राहक कायद्यात वस्तूच्या दर्जाबद्दल खोटं सांगणं ही ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आहे आणि तिच्यासाठी गाडी नवीच असली पाहिजे असं कुठेही म्हटलेलं नाही. शिवाय १९३० चा वस्तू विक्री कायदा आहे. त्या प्रकारचा माल विकणं हाच ज्याचा धंदा आहे, त्याने दिलेला माल विकण्यालायक असलाच पाहिजे, असं तो धरून चालतो. फक्त तुम्ही तपासणी केली असेल तर त्या तपासणीत जो दोष सहज दिसायला हवा होता त्याबद्दल नंतर बोलता येत नाही. फुटका बंपर दिसतो. रिळात गुंडाळलेला बेल्ट दिसत नाही.

पायरी चौथी: बिघाड कळला त्या दिवशी

पहिली चूक सगळे हीच करतात: गाडी गॅरेजला टाकतात, पन्नास हजार खर्चून नीट करतात आणि मग बिल घेऊन डीलरकडे जातात. तोवर जुने पार्ट भंगारवाल्याकडे गेलेले असतात. दोष होता, हे आता दाखवणार कसं?

आधी विक्रेत्याला लेखी कळवा, फोटो आणि व्हिडिओसह. गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या आणि दुरुस्तीऐवजी तपासणीचं जॉबकार्ड मागा, ज्यात दोष आणि शक्य असेल तर त्याचं कारण लिहिलेलं असेल. आमच्या जॉबकार्डवर सल्लागाराने लिहिलं होतं, ‘वायरिंग कनेक्टरमध्ये गाळ, पाणी शिरल्याची लक्षणं.’ गॅरेजच्या मिस्त्रीचं तोंडी मत शंभर नंबरी असलं तरी आयोगापुढे वजन या छापील ओळीला. गाडीवाचून अडत असेल तर विक्रेत्याला सात दिवसांत येऊन पाहण्याची संधी द्या, तो आला नाही तर फोटो काढून दुरुस्त करा, आणि काढलेले पार्ट पोत्यात भरून, गॅरेजच्या पावतीसह, घरी ठेवा.

कर्ज काढून गाडी घेतली असेल तर हप्ते थांबवू नका. भांडण डीलरशी आहे, बँकेला त्याचं देणंघेणं नाही, उगाच सिबिल बिघडतं.

आणि गाडी नावावर झाली नसेल तर? विकणाऱ्याने आरटीओला कळवायची मुदत राज्यातल्या राज्यात १४ दिवस, घेणाऱ्याची ३० दिवस. विमा नावावर करून घ्यायलाही १४ दिवसच. हे रखडलं आणि गाडीने कोणाला धडक दिली तर भरपाईचा भार नोंदणीकृत मालकावर येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. तुमच्या स्वतःच्या नुकसानीच्या क्लेमचाही घोळ होतो. गाडी परतच करायची असं ठरलं असेल तर ती उभी करून ठेवा.

पायरी पाचवी: १९१५ आणि नोटीस

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, मराठीतही बोलता येतं, फुकट आहे. ते तक्रार विक्रेत्याकडे पाठवतात, उत्तर मागवतात. मोठी कंपनी असेल तर कधी कधी तिथेच मिटतं, कारण त्यांचा तक्रार विभाग असतो. गाडीबाजारातल्या टपरीवजा ऑफिसवर याचा ढिम्म परिणाम होत नाही, आणि हुकूम देण्याचा अधिकार हेल्पलाइनला नाहीच. तरी करा, तक्रार क्रमांक मिळतो.

मग नोटीस. वकिलाचीच पाहिजे असं काही नाही. साध्या कागदावर, स्वतःच्या नावाने, एका पानात. कधी, कोणती गाडी, किती रुपयांना घेतली. विकताना काय सांगितलं, मेसेजची तारीख घालून. काय निघालं, जॉबकार्डचा क्रमांक घालून. काय पाहिजे. आणि १५ दिवसांची मुदत. शिवीगाळ नको, ‘तुम्ही चोर आहात’ नको. हा कागद पुढे आयोग वाचणार आहे. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती ठेवा, डिलिव्हरीची नोंद छापून घ्या, आणि तीच नोटीस व्हॉट्सॲपवरही टाका. पत्ता बंद म्हणून परत आलेलं पाकीट फोडू नका, तसंच ठेवा.

‘काय पाहिजे’ हे नीट ठरवा. गाडी परत आणि पैसे परत, की दुरुस्तीचा खर्च, की खऱ्या आणि दिलेल्या किमतीतला फरक? मीटर मागे केलेलं असेल पण गाडी बरी चालत असेल, तर फरक मागणं शहाणपणाचं. पूर किंवा चेसिसपर्यंतचा अपघात असेल तर गाडी परतच द्या. ती वायरिंग पुन्हा पुन्हा सतावणार.

पायरी सहावी: आयोगात तक्रार

लोक अजून ग्राहक मंच किंवा ग्राहक कोर्ट म्हणतात, पाटीवर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग असतं. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, म्हणजे जुन्या गाडीवाल्यांतले जवळजवळ सगळे इथेच. फी पाच लाखांपर्यंत काही नाही, दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४००, पन्नास लाखांपर्यंत १,०००. ही फी गाडीला तुम्ही दिलेल्या किमतीवर आहे, मागितलेल्या भरपाईवर नाही.

२०१९ च्या कायद्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. गाडी पुण्यात घेतली, तक्रार साताऱ्यात. तारखेला घाट उतरून डीलरच आला. मुदत, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. उशिराचं सबळ कारण दिलं तर आयोग माफ करू शकतो, पण त्या भरवशावर राहू नका.

कोणाविरुद्ध? ज्याने विकली त्याच्याविरुद्ध. गाडी बनवणाऱ्या कंपनीला उगाच ओढू नका. गोव्यातल्या एका ग्राहकाने २०११ च्या मॉडेलचे पैसे भरले आणि हातात आली २००९ ची, ६२२ किलोमीटर चाललेली, खालून गंजलेली गाडी. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. डीलरची करणी कंपनीला माहीत होती असा पुरावा नसल्याने फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने कंपनीला मोकळं केलं. जबाबदार राहिला तो डीलर. तिथे गाडी नवी म्हणून विकलेली होती, पण धडा आपल्यालाही लागू.

कागद असे लावा: अनुक्रमणिका, तारखांची यादी, तक्रार, प्रतिज्ञापत्र, मग पुरावे तारखेच्या क्रमाने. प्रत्येक पानाला नंबर. आयोगाच्या प्रतींशिवाय प्रत्येक विरुद्ध पक्षासाठी एक संच. तक्रार मराठीत चालते. ऑनलाइनही दाखल करता येते, आधी ई-दाखिल होतं, आता ई-जागृती. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट नुसते चिकटवू नका; ते कोणत्या फोनवरून घेतले याचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडा, आणि तो फोन विकू नका. भाच्याने मधेच नवा फोन घेतला, जुना मी माझ्या कपाटात ठेवला होता.

मागणीत मानसिक त्रासाचे दहा लाख लिहू नका. साडेचार लाखांच्या गाडीसाठी तो आकडा वाचला की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. किंमत, व्याज, टोचनचा आणि तपासणीचा खर्च पावत्यांसह, त्रासाची माफक रक्कम आणि तक्रारीचा खर्च.

पुढे काय होतं

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे साधारण २१ दिवसांत ठरायला हवं. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस, वर फार तर १५. हे ४५ दिवस उलटले की त्याचं उत्तर घेताच येत नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये हे पक्कं केलंय, तेव्हा तारखेवर लक्ष ठेवा आणि आयोगाच्या लक्षात आणून द्या. कायद्यात निकालाला तीन महिने, वस्तूची तपासणी लागणार असेल तर पाच महिने सांगितले आहेत. प्रत्यक्षात वर्ष, दीड वर्ष धरा. साक्षीपुरावे प्रतिज्ञापत्रावर होतात, सिनेमातल्यासारखी उलटतपासणी सहसा होत नाही. तुमचं तुम्ही बोलू शकता. आमच्या वेळी अध्यक्षांनी भाच्याला विचारलेला पहिला प्रश्न होता, ‘गाडी आता कुठे आहे?’ उभी आहे म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं.

सर्व्हिस सेंटर किंवा विमा कंपनी जुनी नोंद देत नसेल तर ती मागवण्याचा अर्ज आयोगाकडे करा, कागद हजर करायला लावायचा अधिकार आयोगाला आहे. आमच्या प्रकरणाला तिथेच कलाटणी मिळाली. ऑगस्ट २०२१ चा दुरुस्तीचा अंदाज आला, त्यावर ‘वॉटर लॉग्ड’ असं लिहिलेलं. डीलरच्या वकिलाने पुढच्याच तारखेला मध्यस्थीची, म्हणजे तडजोडीने मिटवायची, तयारी दाखवली.

मध्यस्थीत जायचं की निकालासाठी थांबायचं, हे तुमच्या थकव्यावर आहे. निकाल तुमच्या बाजूने लागला तरी समोरचा ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील करू शकतो, मात्र त्यासाठी त्याला हुकमातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. हुकूम पाळलाच नाही तर एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५,००० ते एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्यासाठी वेगळा अंमलबजावणीचा अर्ज करावा लागतो, आपोआप काही होत नाही.

काकांकडून घेतली असेल तर

खासगी विक्रेत्याविरुद्ध १८७२ चा करार कायदा. खोटं सांगून किंवा मुद्दाम लपवून केलेला करार तुम्ही रद्द ठरवून मागू शकता, दिवाणी न्यायालयात, तीन वर्षांच्या आत. अडचण एकच. समोरचा नुसता गप्प बसला होता, आणि साध्या चौकशीने तुम्हाला कळलं असतं, तर न्यायालय तुम्हालाच विचारतं, चौकशी का नाही केली? म्हणून खासगी व्यवहारात तो व्हॉट्सॲपचा मेसेज दुप्पट महत्त्वाचा, कारण मग तो गप्प बसलेला नसतो, खोटं बोललेला असतो. वकील लागेल, फीही रकमेनुसार. लाखाच्या आतल्या भांडणासाठी मी तरी चार ओळखीची माणसं मधे घालून मिटवायला सांगते.

चेसिस नंबर खोडलेला, बनावट ना हरकत, चोरीची गाडी असं काही असेल तर थेट पोलीस. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. मीटर किंवा पुरासाठी ठाण्यात गेलात तर ‘ही दिवाणी बाब आहे’ हे ऐकायची तयारी ठेवा. तरी लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

पैसे परत मिळाले, गाडी परत दिली, मग?

मध्यस्थीत आमचं चार लाख दहा हजारांवर ठरलं. पन्नास हजार कमी, दोन महिन्यांच्या वापराबद्दल. मी अडून बसले असते, भाचा कंटाळला होता. डीडी हातात आल्यावर किल्ली दिली. पण तोवर गाडी त्याच्या नावावर झालेली होती, म्हणजे परतीचाही व्यवहार आरटीओतूनच करायचा: पुन्हा फॉर्म २९ आणि ३०, या वेळी विकणारा तुम्ही. कोऱ्या फॉर्मवर सही द्यायची नाही, घेणाऱ्याचं नाव भरूनच. समझोत्यात तशी अट आणि तारीख घालून घ्या, आणि वाहन पोर्टलवर नाव बदललेलं दिसेपर्यंत दर आठवड्याला बघत राहा.

आम्ही हे सगळं केलं. एक राहिलं. काचेवरचा फास्टॅग त्याच्याच खात्याला जोडलेला होता. गाडी परत गेल्यावर तिसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता त्याचा फोन वाजला: आनेवाडी टोलनाका, पैसे वजा.